टंगस्टनची परतफेरी : संमीलनाच्या भट्टीतील धुळीची शतककथा

१९२४ साली अमेरिकेतील स्केनेक्टेडी येथे, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत, अर्विंग लँगम्यूर आणि त्यांचे दोन सहकारी आर्गॉन वायूने भरलेल्या नळीतून वीज सोडत होते. नळीत टंगस्टनची तापलेली तार होती. तारेपासून सुटलेले धातूचे बारीक थेंब वायूच्या उजेडात तरंगत राहतात, एरवी तळाशी बसायला हवे ते बसत नाहीत, असे त्यांना दिसले. या थेंबांवर ऋण विद्युतभार साठतो, असा खुलासा लँगम्यूर यांनी केला आणि त्याच वर्षी 'सायन्स' या साप्ताहिकात तो छापला. प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूत, तरंगणाऱ्या धातूच्या धुळीची प्रयोगशाळेतील ही पहिली नोंद मानली जाते. तेव्हा 'प्लाझ्मा' हे नावही रूढ नव्हते. ते लँगम्यूर यांनीच चार वर्षांनंतर, १९२८ मध्ये दिले.

बरोबर शंभर वर्षांनी, जून २०२४ मध्ये, फ्रान्समधील ईटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने आपला सुधारित आराखडा मांडला. अणुसंमीलनाची आजवरची सर्वांत मोठी भट्टी तिथे उभी राहत आहे आणि तिची आतली सगळी भिंत आता टंगस्टनची असणार आहे. या दोन घटनांच्या मधल्या काळात टंगस्टन भट्टीत आला, बदनाम होऊन बाहेर गेला आणि पुन्हा सन्मानाने परत आला. त्याच्या जाण्या-येण्याचे कारण ठरली ती भिंतीपासून सुटणारी सामग्री. कधी ती एकेका अणूच्या रूपाने सुटते, कधी पापुद्र्याच्या, कधी वितळलेल्या थेंबाच्या.

भिंतीची निवड

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची केंद्रके एकत्र येऊन ऊर्जा निघते. तेच पृथ्वीवर करायचे तर ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड भावंडे दहा कोटी अंशांपलीकडे तापवावी लागतात. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर पहिली जागतिक परिषद भरली. तिचे अध्यक्ष होमी भाभा होते. येत्या दोन दशकांत संमीलन ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मिळवण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. त्या वेळी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ हे तिन्ही देश या विषयावर बंद दाराआड काम करत होते. भाभांच्या भाषणाने तो विषय जगाच्या चर्चेत आणला.

इतक्या तापलेल्या द्रव्याला कोणतेही भांडे पुरत नाही. म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्राने हवेतल्या हवेत धरून ठेवायचे. सोव्हिएत शास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव आणि इगोर ताम यांनी १९५० च्या सुमारास कड्याच्या आकाराच्या पोकळीची कल्पना मांडली. टोकामॅक हे यंत्र तिच्यातून जन्मले. १९६८ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत लेव्ह आर्टसिमोविच यांनी टी-३ टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान गाठल्याचे सांगितले, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा विश्वास बसेना. शीतयुद्ध ऐन भरात असताना ब्रिटनच्या कलहम प्रयोगशाळेतील एक तुकडी निकोल पीकॉक यांच्या नेतृत्वाखाली लेसर घेऊन मॉस्कोला गेली. तिने मोजमाप केले आणि रशियनांचा दावा खरा असल्याचे १९६९ मध्ये 'नेचर'मध्ये जाहीर केले. त्यानंतर जगभर टोकामॅक बांधण्याची लाट आली.

चुंबकीय क्षेत्राची पकड मात्र कधीच पूर्ण नसते. कडेचा प्लाझ्मा कुठे ना कुठे भिंतीला टेकतो. तो नेमका कुठे टेकावा हे ठरवण्यासाठी लिमिटर नावाचे धातूचे अडसर बसवत. आता हे अडसर कशाचे करायचे? टंगस्टनचा वितळणबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे सर्व धातूंमध्ये सर्वाधिक. साहजिकच पहिली पसंती त्याला मिळाली. अमेरिकेत प्रिन्स्टन येथे १९७५ च्या अखेरीस पीएलटी हे मोठे टोकामॅक सुरू झाले, तेव्हा त्यात टंगस्टनचेच लिमिटर होते.

निकाल उलटा लागला. प्लाझ्मा मध्यभागी सर्वांत गरम असायला हवा. पीएलटीमध्ये तो मध्यभागीच थंड पडू लागला. लिमिटरवरून सुटलेले टंगस्टनचे अणू थेट गाभ्यात जाऊन साठत होते. टंगस्टनचा अणुक्रमांक ७४. त्याच्याभोवती इतके इलेक्ट्रॉन असतात की कोट्यवधी अंशांनाही ते सगळे सुटून जात नाहीत. उरलेले इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा घेतात आणि क्ष-किरण व अतिनील किरणांच्या रूपात बाहेर फेकतात. म्हणजे भट्टीत ओतलेली उष्णता टंगस्टन दुसऱ्या वाटेने बाहेर काढून टाकतो. कार्बनचा अणुक्रमांक फक्त ६. गाभ्यात पोचेपर्यंत त्याचे सगळे इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि त्यानंतर तो फारसा उजेड देत नाही. शिवाय कार्बन वितळत नाही. फार तापला तर सरळ वायू होतो. प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी टंगस्टन काढून कार्बनचे लिमिटर बसवले आणि १९७८ च्या उन्हाळ्यात त्याच पीएलटीने सुमारे सहा कोटी अंशांचा विक्रम केला. जगाने धडा घेतला. पुढची सगळी मोठी यंत्रे, अमेरिकेतले टीएफटीआर आणि डीआयआयआय-डी, युरोपचे जेट, जपानचे जेटी-६०, आतून ग्राफाइटच्या फरश्यांनी मढवली गेली.

दुर्लक्षित शंका

टंगस्टनच्या या अपयशाचा खुलासा सगळ्यांनी अणूंच्या भाषेत केला होता. प्लाझ्मातील आयन भिंतीवर आदळतात, एकेक अणू उडवतात, तो अणू प्लाझ्मात जातो. १९७७ मध्ये तिहिरो ओकावा यांनी एक वेगळी शंका मांडली. ओकावा मूळचे जपानी, अमेरिकेत सॅन दिएगोला टोकामॅकवर काम करणारे. एका जपानी नियतकालिकातील लेखात त्यांनी विचारले, की भिंतीवर पडलेली धूळ हाच अशुद्धीचा स्रोत असला तर? एकेक अणू येण्याऐवजी कोट्यवधी अणूंचा गठ्ठा एकदम आला, तर तो कडेच्या संरक्षक थरांना न जुमानता खूप आत जाऊ शकतो.

या लेखाकडे वीस वर्षे फारसे कुणी वळले नाही. त्याला कारण होते. त्या काळचे प्रयोग काही सेकंदांत संपत. धूळ साठायला वेळच मिळत नसे, आणि जी असे ती यंत्र उघडल्यावर झाडून काढता येई.

प्लाझ्मातल्या धुळीचा अभ्यास दरम्यान भलत्याच दारांतून पुढे सरकला. १९८० मध्ये व्हॉयेजर-१ यानाने शनीच्या कड्यांवर चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे टिपले. केवळ गुरुत्वाकर्षणाने त्यांचा उलगडा होईना; विद्युतभारित सूक्ष्म धूळ कड्यांच्या वर उचलली जात असावी, असा तर्क पुढे आला. १९८९ च्या सुमारास आयबीएमच्या गॅरी सेल्विन यांनी संगणकाच्या चिप कोरणाऱ्या प्लाझ्मा यंत्रात लेसर सोडला आणि सिलिकॉनच्या चकतीवर धुळीची तरंगती कडी त्यांना दिसली. चिप खराब करणारी धूळ बाहेरून येते, अशी तोवरची समजूत होती. ती प्लाझ्मातच तयार होत होती. १९९० मध्ये एन. एन. राव, पद्मकांत शुक्ल आणि एम. वाय. यू यांनी जर्मनीतील बोखुम येथून एक सैद्धान्तिक लेख प्रसिद्ध केला. धूळ मिसळलेल्या प्लाझ्मात अतिशय मंद गतीच्या ध्वनीसारख्या लहरी उठाव्यात, असे त्यांनी गणिताने दाखवले. पाच वर्षांत त्या लहरी प्रयोगशाळेत दिसल्या. तिघांपैकी राव आणि शुक्ल हे दोघे भारतीय होते. या सगळ्यातून एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. संमीलनाच्या भट्ट्यांना तिची गरज लवकरच पडणार होती.

ट्रिटियमचा हिशेब

ती गरज निर्माण केली ट्रिटियमने. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, आणि निसर्गात ते नगण्य. भट्टीत घातलेल्या त्याच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. प्रिन्स्टनच्या टीएफटीआरने डिसेंबर १९९३ मध्ये निम्मे ड्युटेरियम, निम्मे ट्रिटियम अशा इंधनावर प्रयोग सुरू केले. ब्रिटनमधील जेटने १९९७ मध्ये १६ मेगावॉट संमीलनशक्तीचा उच्चांक नोंदवला. वर्तमानपत्रांनी उच्चांक छापला. अभियंत्यांचे लक्ष मात्र दुसऱ्या आकड्याकडे होते. त्या मोहिमेत जेटमध्ये सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम सोडले गेले होते. मोहीम संपल्यावर अनेक महिने साफसफाई केली, तरी सुमारे ६ ग्रॅम आतच अडकून राहिले.

ते अडकले होते कार्बनमध्ये. हायड्रोजन आणि कार्बन यांची रासायनिक मैत्री जुनी. प्लाझ्मातला हायड्रोजन ग्राफाइट कुरतडतो, हायड्रोकार्बनचे रेणू बनतात, ते थंड, सावलीतल्या कोपऱ्यांत जाऊन थर धरतात. थर जाड झाला की त्याचे पापुद्रे सुटतात. जेटच्या तळाशी, पंपाच्या वाटेवरच्या थंड झडपांवर, अशा पापुद्र्यांचा सडा पडलेला होता आणि प्रत्येक पापुद्र्यात ट्रिटियम कोंडलेले होते. माणसाला आत जाणे शक्य नव्हते. यांत्रिक हातांनी ते पापुद्रे शोषून काढावे लागले.

१९९८ मध्ये जर्मनीतील युलिश येथील टेक्स्टॉर टोकामॅकवर काम करणाऱ्या यॉर्ग विंटर यांनी संमीलन यंत्रांतल्या धुळीवर सविस्तर लेख लिहिला. यंत्राच्या तळातून गोळा केलेल्या नमुन्यांत कार्बनचे पापुद्रे होते, तसेच धातूचे जवळजवळ अचूक गोल मणीही होते. गोल आकार म्हणजे वितळून थिजल्याची खूण. भट्टीच्या आत कुठेतरी धातू वितळत होता, थेंब उडत होते आणि उडता उडता गोठत होते. अमेरिकेतील आयडाहोच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने निरनिराळ्या देशांच्या यंत्रांतील धूळ गाळणकागदावर जमवून मोजली. बहुतेक कणांचा सरासरी आकार एका मायक्रॉनच्या आसपासपासून दहा मायक्रॉनपर्यंत निघाला. म्हणजे श्वासाबरोबर फुप्फुसात जाण्याइतकी ती बारीक होती.

याच सुमारास ईटरचे आराखडे तयार होत होते. जेटच्या प्लाझ्माचे आकारमान सुमारे ८० घनमीटर, तर ईटरचे ८०० हून अधिक, आणि प्रयोग काही सेकंदांऐवजी काही मिनिटांचे. सुरक्षेच्या हिशेबात धूळ प्रथमच स्वतंत्र ओळीत आली. निर्वात पात्रात एकूण धूळ १ टनाच्या पुढे जाता कामा नये आणि अडकलेले ट्रिटियम १ किलोग्रॅमच्या पुढे, अशा मर्यादा आखल्या गेल्या. मर्यादांमागे ठोस भीती होती. थंड करणाऱ्या पाण्याची नळी फुटली आणि वाफ तापलेल्या धातूच्या भुकटीवर पडली तर हायड्रोजन तयार होतो. सलग पत्र्यापेक्षा भुकटीचा पृष्ठभाग कितीतरी जास्त, म्हणून अभिक्रियाही वेगवान. त्यात हवा शिरली तर स्फोटाची शक्यता, आणि स्फोटाबरोबर किरणोत्सारी धूळ बाहेर पडण्याची. ओकावांची शंका आता परवाना देणाऱ्या यंत्रणांच्या टेबलावर आली होती.

एका कणाचा प्रवास

भट्टी चालू असताना धूळ नेमकी काय करते, हे पाहण्याची साधने २००० नंतर हाती आली. एक साधन योगायोगाने सापडले. प्लाझ्माचे तापमान मोजण्यासाठी त्यात लेसरचे झोत सोडतात. छपरातून आलेल्या कवडशात एरवी न दिसणारी धूळ चमकते, तशी या झोतात मधूनच एखादी तिरीप चमके. पूर्वी ती मोजमापातली चूक समजून टाकून देत. इटलीतील फ्रास्काती आणि अमेरिकेतील सॅन दिएगो येथील गटांनी तिच्यातूनच धुळीचे प्रमाण काढले. दुसरे साधन सेकंदाला हजारो चित्रे घेणारे कॅमेरे. त्यांच्या चित्रफितींत तापून लखलखणारे कण ठिणग्यांसारखे धावताना दिसले.

सॅन दिएगोच्या डीआयआयआय-डी यंत्रावर दिमित्री रुडाकोव्ह आणि सहकाऱ्यांनी यंत्र दुरुस्तीसाठी उघडून पुन्हा बंद केल्यानंतरचे चित्र नोंदवले. पहिल्या दोन-तीन प्रयोगांत हजारो कण दिसत. पंधराएक प्रयोगांनंतर ते काही डझनांवर येत. सत्तरएक प्रयोगांनंतर जवळजवळ दिसेनासे होत. अपवाद एकच, डिसरप्शन. प्लाझ्माची घडी अचानक मोडून सगळी ऊर्जा क्षणार्धात भिंतीवर कोसळते, त्याला डिसरप्शन म्हणतात. त्याच्या नंतरच्या प्रयोगांत धूळ पुन्हा उसळे. याच गटाने तीस-चाळीस मिलिग्रॅम ग्राफाइटची भुकटी मुद्दाम तळाशी ठेवून पाहिले. कण सेकंदाला १० ते १०० मीटर वेगाने, बहुतांशी कड्याच्या लांबीच्या दिशेने धावले.

हा वेग येतो कुठून? सॅन दिएगो, लंडन आणि स्टॉकहोम येथील गटांनी यासाठी संगणकी प्रारूपे रचली. त्यांतून उभे राहिलेले चित्र असे. भिंतीवर टेकलेला टंगस्टनचा पाच मायक्रॉनचा कण घ्या. प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा हलके आणि चपळ, म्हणून ते कणावर आधी पोचतात आणि कण ऋणभारित होतो. लँगम्यूर यांनी सांगितले होते तेच. आता विद्युतक्षेत्र त्याला ओढते किंवा ढकलते. पण निर्णायक जोर असतो आयनांच्या वाऱ्याचा. कडेच्या प्लाझ्मात आयन ध्वनीच्या वेगाशी तुलना होईल अशा गतीने वाहतात. ते कणावर आदळून किंवा त्याच्या जवळून वळून त्याला आपल्याबरोबर रेटतात. इतक्या लहान कणावर गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव नगण्य उरतो. पोकळी वळणाची आणि कण सरळ रेषेत धावू पाहणारा, म्हणून तो बाहेरच्या भिंतीवर आपटतो, उसळतो, पुन्हा धावतो.

दरम्यान तो तापत असतो. दोन हजार अंशांच्या पुढे गेला की टंगस्टन स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागतो. दिव्याची तार उजळली की सोडते, तसेच. मग त्याचा ऋणभार घटतो, काही वेळा तो धनभारित होतो आणि त्याच्यावरच्या जोरांचे गणितच बदलते. पुढे तो वितळून थेंब होतो. थेंब थंड भागात पोचला तर गोल मणी होऊन थिजतो. गरम भागात शिरला तर पूर्ण वाफ होतो आणि त्याचे अणू गाभ्याकडे निघतात. कार्बनच्या आणि टंगस्टनच्या धुळीत मोठा फरक इथे पडतो. टंगस्टन जड आहे, म्हणून त्याचा कण मिळालेला वेग सहज सोडत नाही आणि तापायलाही वेळ घेतो. परिणामी तो कार्बनच्या कणापेक्षा खोलवर जिवंत पोचू शकतो. जितका खोल तो फुटेल, तितके नुकसान अधिक.

नुकसानीचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. ईटरच्या सगळ्या प्लाझ्माचे वजन एक ग्रॅमही भरणार नाही. त्यात दर एक लाख इलेक्ट्रॉनांमागे टंगस्टनचे मोजकेच अणू परवडतात. लाखात एक धरला तर पूर्ण प्लाझ्मात मिळून टंगस्टन पाव मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. एवढा टंगस्टन एकाच मण्यात मावला तर त्याचा व्यास मिलिमीटरचा एक तृतीयांशही होत नाही. प्रत्येक थेंबातले सगळे अणू गाभ्यात पोचत नाहीत, हे खरे. तरीही पात्रात एक टनापर्यंत धूळ चालेल असे सुरक्षेचे नियम म्हणतात आणि प्लाझ्माला मिलिग्रॅमचा अंशही जड जातो. या दोन आकड्यांमधल्या दरीत पुढची सगळी संशोधनवर्षे गेली.

जपानमधील तोकी येथील एलएचडी या यंत्राने धुळीचा उपद्रव सर्वांत स्पष्ट दाखवला. हे यंत्र टोकामॅकपेक्षा वेगळ्या, पिळाच्या आकाराचे. त्यात प्लाझ्मा दीर्घकाळ टिकवता येतो. २०१३ मध्ये तिथे सुमारे ४८ मिनिटे प्लाझ्मा अखंड राहिला. पण त्या काळातले लांब पल्ल्याचे अनेक प्रयोग मधेच बंद पडत. कॅमेऱ्यांनी कारण दाखवले. काही मिनिटे सगळे सुरळीत चाले. मग तळाच्या बंदिस्त भागात साठलेला कार्बनचा थर सुटे, धुळीचा लोट आत शिरे आणि प्लाझ्मा विझे.

टंगस्टनचे पुनरागमन

कार्बनला पर्याय शोधणे भाग होते. म्युनिकजवळील गार्शिंग येथील ॲसडेक्स अपग्रेड या टोकामॅकने १९९९ पासून दरवर्षी थोड्या थोड्या ग्राफाइटच्या फरश्यांवर टंगस्टनचा मुलामा चढवला. २००७ पर्यंत सगळी भिंत टंगस्टनची झाली. पीएलटीच्या काळात नसलेली तीन साधने आता हाताशी होती : कडेचा प्लाझ्मा थंड करून भिंतीवरचा मारा सौम्य करणारा डायव्हर्टर, गाभ्यात साठू पाहणारा टंगस्टन हुसकावून लावणारी मध्यभागाची तापवणी, आणि भिंतीवर बोरॉनचा पातळ थर देण्याची पद्धत. या तिन्हींच्या जोरावर जुना गुन्हेगार काबूत राहिला.

मोठी कसोटी जेटवर झाली. २००९ मध्ये यंत्र बंद करून त्यातला सगळा ग्राफाइट काढला. मुख्य भिंत बेरिलियमची आणि तळाचा डायव्हर्टर टंगस्टनचा करून २०११ मध्ये ते पुन्हा सुरू केले. ईटरसाठी ठरलेली जोडी हीच होती. पहिल्या मोहिमेनंतर तळ निर्वात यंत्राने झाडला तेव्हा जेमतेम एक-दीड ग्रॅम धूळ निघाली; कार्बनच्या काळातल्या मोहिमेपेक्षा शंभरपटीहून कमी. अडकलेले इंधनही दहापटीहून अधिक घटले. ईटरच्या परिषदेने २०१३ मध्ये कार्बनला अखेरचा निरोप दिला.

ग्रॅमभर धूळही निरुपद्रवी मात्र निघाली नाही. जेटच्या नोंदींत प्लाझ्माचे प्रारण क्षणभर उसळल्याच्या घटना दिसू लागल्या, बहुतेकदा आदल्या प्रयोगात डिसरप्शन झालेले असताना. वर्णपटाने गुन्हेगाराचे नाव सांगितले, टंगस्टन. धूळ वजनाने घटली होती. तिचा प्रत्येक कण अधिक महाग झाला होता. फ्रान्समध्ये कादाराश येथे जुन्या टोर सुप्रा यंत्राला टंगस्टनचा पेहराव देऊन २०१६ मध्ये वेस्ट हे टोकामॅक सुरू झाले. २०२३ मध्ये तिथे डायव्हर्टरवर दीर्घ मारा करून पाहिला, तेव्हा आतल्या बाजूला धातूचेही थर साचले, त्यांचे पापुद्रे उडाले आणि प्रयोगांत व्यत्यय आणू लागले. थर साचतो आणि सुटतो, ही केवळ कार्बनची खोड नसल्याचे सिद्ध झाले.

बेरिलियमचेही दिवस भरत आले होते. त्याचा वितळणबिंदू फक्त १,२८७ अंश, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. यंत्रात हात घालणाऱ्या प्रत्येक कामगाराला कडक बंदोबस्त लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ईटरने मुख्य भिंतही टंगस्टनची करण्याचा प्रस्ताव मांडला आणि जून २०२४ च्या आराखड्यात तो आला. त्याच ऑक्टोबरमध्ये जेटने ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा काढून विक्रम केला आणि १८ डिसेंबर २०२३ रोजी चाळीस वर्षांची सेवा संपवली. बंद होण्यापूर्वी त्याच्या चालकांनी वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत मुद्दाम बेरिलियमच्या भिंतीवर सोडला. एरवी ज्या प्रसंगापासून यंत्र जपायचे, त्यात भिंत कशी वितळते हे एकदा उघड्या डोळ्यांनी पाहून घ्यायचे होते.

हाती काय लागले

या शतकाचा पहिला परिणाम वैज्ञानिक आहे. भिंत आणि प्लाझ्मा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हा समज गेला. भिंतीतून धूळ निघते, धुळीने प्लाझ्मा बिघडतो, बिघडलेला प्लाझ्मा भिंत वितळवतो आणि नवी धूळ निघते. हे चक्र कुठे तोडायचे, हा आता रचनाकारांचा प्रश्न आहे. दुसरा परिणाम अनपेक्षित आहे. शास्त्रज्ञांनी धुळीलाच कामाला लावले. प्रिन्स्टनच्या गटाने विकसित केलेल्या साधनाने बोरॉनची किंवा लिथियमची भुकटी चिमूटभर, मोजून, प्लाझ्मात सोडली जाते. हलकी भुकटी कडेलाच फुटते, भिंतीवर नवा थर देते आणि काही प्रयोगांत तिने प्लाझ्माची स्थिती सुधारलीही. अमेरिका, जर्मनी, चीन आणि जपान येथील यंत्रांवर ही पद्धत वापरली गेली आहे.

तिसरा परिणाम व्यावहारिक आणि तितकाच कडू आहे. टंगस्टनची भिंत स्वीकारताना ईटरला बोरॉनचा थर देण्याची व्यवस्थाही आराखड्यात घ्यावी लागली. तो थर ट्रिटियम धरतो आणि जाड झाला तर त्याचेही पापुद्रे सुटू शकतात. म्हणजे एक धूळ टाळताना दुसरीची सोय करावी लागली. या प्रकल्पात भारत सात भागीदारांपैकी एक आहे. ईटरचे निर्वात पात्र ज्याच्या पोटात बसते, तो महाकाय क्रायोस्टॅट गुजरातेत हजिरा येथे घडला. ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग नव्या वेळापत्रकानुसार २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत. बंद पात्रात, किरणोत्साराच्या माऱ्यात, किती धूळ कुठे साचली हे मोजणे आणि ती काढणे, ही कामे तोवर सिद्ध व्हावी लागतील.

पन्नास वर्षांच्या अनुभवाचा निवाडा एवढाच, की धूळ न सोडणारी भिंत नाही. कार्बनची धूळ इंधन गिळते, बेरिलियमची माणसाला बाधते, टंगस्टनची प्लाझ्मा विझवते. यांपैकी कोणती धूळ आपल्याला मोजता येईल, झाडता येईल आणि सोसता येईल, एवढीच निवड उरते, आणि जगाने तूर्त टंगस्टनला कौल दिला आहे. तेव्हा संमीलनातल्या पुढच्या विक्रमाची बातमी वाचाल, तेव्हा तापमानाच्या आणि मिनिटांच्या आकड्यांबरोबर आणखी एक आकडा शोधा : प्रयोग संपल्यावर तळातून धूळ किती निघाली. विजेचे कारखाने या भट्ट्यांवर चालतील की नाही, हे ठरवण्यात त्या आकड्याचा वाटा मोठा असणार आहे.